भाड्याने: रेंट, हायर, लेट की लीज?

कोथरूडकर_७
फ्लॅट भाड्याने द्यायची जाहिरात, सोसायटीला पत्र आणि मांडववाल्याला ईमेल, तिन्ही इंग्रजीत लिहायचं आहे. मराठीत सगळीकडे 'भाड्याने' म्हटलं की भागतं. इंग्रजीत कुठे काय? आणि करारावर 'लीव्ह अँड लायसन्स' का असतं?

शब्दखूण
आधी घेणारा कोण, देणारा कोण ते बघा. 'लेट' फक्त मालक करतो. 'रेंट' दोघंही करतात, म्हणून घोळ होतो. 'आय रेंटेड अ फ्लॅट इन कोथरूड' हे मालकाचं वाक्य की भाडेकरूचं, कळत नाही. मालकाने 'रेंट आउट' लिहावं, भाडेकरूने 'रेंट फ्रॉम'.

मग मुदत. ब्रिटिश वळणात थोड्या वेळापुरतं घेतलं की 'हायर': मांडव, खुर्च्या, सायकल, लग्नाचं कार्यालय. राहती जागा 'रेंट'. अमेरिकन माणूस गाडीही 'रेंट' करतो. त्याच्याकडे 'हायर' म्हणजे मुख्यतः नोकरीवर ठेवणं.

पाटी रंगवणार असाल तर 'टू' आणि 'लेट' यांत फार जागा सोडू नका. कुणीतरी मध्ये 'आय' लिहून जातं आणि पाटी शौचालयाची होते.

मीटरडाउन
नामंही वेगळी आहेत. घरभाडं 'रेंट', रिक्षा-एसटीचं 'फेअर', ट्रकने माल नेला तर 'फ्रेट', मांडवाचं 'हायर चार्जेस'. रिक्षावाला 'भाडं सोडून येतो' म्हणतो तेव्हा भाडं म्हणजे प्रवासी. इंग्रजीतही टॅक्सीवाले प्रवाशाला 'फेअर' म्हणतात! मीटरवर मात्र 'फॉर हायर', कारण तिथे वाहन भाड्याने मिळतंय.

दस्तऐवज
कराराचं सांगतो. 'लीज' म्हणजे भाडेपट्टा: जागेतला हक्क मुदतीपुरता घेणाऱ्याकडे जातो (मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम १०५). 'लायसन्स'मध्ये नुसती वापरायची परवानगी, हक्क मालकाकडेच (भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२, कलम ५२).

'लीव्ह' इथे रजा नव्हे, आणि 'मुदत संपली की निघा' असंही नाही. तीही परवानगीच. कायद्याच्या इंग्रजीत अशा जोड्या पुष्कळ, एक शब्द जुन्या इंग्रजीतला, दुसरा फ्रेंचमधून आलेला. आपलं 'कागदपत्र' तसंच: कागद फारसीतून, पत्र संस्कृत.

म्हणून मसुद्यात एकदा 'लायसन्सर' (परवानगी देणारा मालक) आणि 'लायसन्सी' (ती घेणारा) लिहिलं की पुढे 'टेनंट', 'रेंट' घुसडू नका. 'लायसन्स फी' लिहा. नाहीतर वादात समोरचा वकील नेमका तोच शब्द धरून हा भाडेपट्टाच आहे म्हणतो. अर्थात नुसत्या शब्दांनी बचाव होत नाही; कोर्ट शीर्षकापेक्षा ताबा आणि अटी बघतं. आणि करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी चुकत नाही: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, कलम ५५.

'लायसन्स'चं स्पेलिंग: ब्रिटिश पद्धतीत नाम असेल तर शेवटी 'सीई', क्रियापद असेल तर 'एसई'. अमेरिकेत दोन्हीकडे 'एसई'.

कोथरूडकर_७
जाहिरातीत 'टू लेट', मांडवाला 'हायर'. सोसायटीच्या पत्रात मात्र 'टेनंट' की 'लायसन्सी'?

दस्तऐवज
'लायसन्सी'. पत्राला करारच जोडायचाय ना?