अनुभव धागा: कैरोहून एका दिवसात अलेक्झांड्रिया

गाइड घेऊन अलेक्झांड्रिया एका दिवसात पाहिलेल्यांनी इथे लिहावे. ‘छान आहे’, ‘एकदा तरी जाच’ एवढ्याने कुणाचे काम होत नाही. क्रम, वेळ, कुठे अडते आणि का, ते सांगा.

~~~

कैरो ते अलेक्झांड्रिया वाळवंटी रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तीन तास धरा. सकाळी सातच्या आत गाडी सुटायलाच हवी. बरीच ठिकाणे चार-पाचच्या सुमारास बंद होतात आणि डिसेंबरात पाचला सूर्य मावळतो. उन्हाळ्यात गुरुवार संध्याकाळ टाळा. तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची असल्याने अर्धे कैरो समुद्राकडे निघते. रेल्वेने गेलात तर सिदी गाबरला उतरू नका. शेवटच्या मिस्र स्टेशनवर उतरा, कोम अल-दिक्का (रोमन सभागृहाचे अवशेष) तिथून चालत जाण्याजोगे आहे. सरकारी स्थळांच्या खिडकीवर बहुधा कार्डच चालते. सुटे पौंड मात्र खिशात हवेतच, स्वच्छतागृहासाठी आणि बक्षिशीसाठी.

~~~

पहिले ठिकाण कोम अल-शुकाफाच (खडकात खोदलेली रोमनकाळची भुयारी थडगी) ठेवा. मोठ्या बस पोचल्या की त्या एकाच गोल जिन्यात चेंगराचेंगरी होते. हा जिना मधल्या खोल विहिरीभोवती उतरतो आणि त्याच विहिरीतून प्रेते दोरांनी खाली सोडत. तळाशी हवा दमट, पायऱ्या झिजलेल्या. गुडघे दुखत असतील तर वरच थांबलेले बरे. पूर्वी सगळ्यात खालचा मजला पाण्यात असे, मग भूजल उपसण्याचे मोठे काम झाले.

मुख्य दफनकक्षाच्या दारापाशी गाइडला घाई करू देऊ नका. दोन्ही बाजूंचे नाग पाहा: डोक्यावर फॅरोंचा दुहेरी मुकुट, सोबत ग्रीक देवांचे दंड, वर ढालीवर मेड्युसा (ग्रीक कथांतली केसांच्या जागी साप असलेली स्त्री). आत गेल्यावर वळून दाराकडे पाहायचे, तिथे कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस, म्हणजे इजिप्तचा मृतांचा देव, रोमन शिपायाच्या चिलखतात उभा आहे. बरेच लोक समोरच्या शवपेट्यांचे फोटो काढतात आणि पाठीमागचा हा अनुबिस न बघताच बाहेर पडतात. त्या पेट्यांची झाकणे उघडतच नाहीत. ती खडकातच कोरलेली आहेत, प्रेत मागच्या बोळातून आत सरकवत.

~~~

‘पॉम्पीचा स्तंभ’ हे नाव चुकीचे. पायथ्याच्या ग्रीक लेखात रोमन सम्राट डायोक्लिशनचे नाव आहे, सेनापती पॉम्पीचा काही संबंध नाही. उंची जवळपास 27 मीटर. मधला दांडा एकसंध, अस्वानच्या तांबड्या ग्रॅनाइटचा. पण स्तंभाशी फोटो काढून लगेच परत फिरू नका. मागे सेरापिस या देवाच्या मंदिराची भुयारे आहेत, भिंतींत कोनाडे असलेली. सावली कुठेही नाही, म्हणून अकराच्या आत उरकावे.

~~~

कोम अल-दिक्काच्या रोमन सभागृहाला अर्धा तास पुरतो. 1960 च्या दशकात पोलिश संशोधकांना ते सापडले. संगमरवरी बाकांच्या 13 ओळी नीट दिसतात. खरी गंमत बाजूच्या व्याख्यानकक्षांत आहे, तिथल्या दगडी बाकांवर बसायची विद्यार्थ्यांची जागा स्पष्ट कळते. पक्ष्यांचे मोझेक असलेल्या घराला निराळे तिकीट लागते, ते आत शिरतानाच घ्यावे.

~~~

आजचे ग्रंथालय 2002 चे आहे, प्राचीन नव्हे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘जळलेले कुठे आहे?’ हा प्रश्न ठरलेला. पिशव्या बाहेर जमा कराव्या लागतात. शुक्रवारी वेळ वेगळी असते, आदल्या दिवशी तपासा. बाहेरच्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर अनेक लिपींतली अक्षरे कोरली आहेत. आपली लिपी शोधण्यात मुले वीस मिनिटे शांत राहतात.

~~~

जेवण: शाकाहारींनी फूल (शिजवलेला बाकला), तामेया (तळलेले वडे, त्यांत हरभरा नसतो, बाकल्याची डाळ असते) आणि कोशरी (भात, मसूर, मॅकरोनी) मागावे. मासे मागवताना वजन आणि भाजणावळ धरून भाव आधी विचारा.

~~~

कायतबे किल्ला शेवटी, उतरत्या उन्हात. सुलतान कायतबेने 1477 मध्ये प्राचीन फारोस दीपगृहाच्या जागेवरच तो बांधायला घेतला. दीपगृह चौदाव्या शतकातल्या भूकंपांत कोसळले होते. जुने ग्रॅनाइटचे खांब भिंतींत आडवे बसवलेले दिसतात, ते गाइडला बोट ठेवून दाखवायला सांगा. बाकीचे अवशेष बाहेर समुद्राच्या तळाशी आहेत. किनाऱ्यावरून ते दिसतात असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. रोमन काळात याच शहरातून माल नाईलमार्गे, मग वाळवंटातून तांबड्या समुद्रावर आणि पुढे सोपारा-कल्याणकडे निघे. आपल्या गटासोबत असाल तर गाइडला हे विचारा, बहुतेकांच्या ठरलेल्या भाषणात ते नसते.

हिवाळ्यात वादळ असेल तर कॉर्निशवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, लाटा येतात. अशा वेळी किल्ला सकाळीच बघून घ्या आणि मुंतझा बाग सोडून द्या. ती तशीही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, रहदारीत तास जातो.