‘रेमिशन’ म्हणजे लक्षणमुक्ती की उपशम?

प्रश्न : मनोविकृतीविषयीच्या एका अहवालाचे मराठीकरण करताना मी ‘रेमिशन’साठी (आजार आटोक्यात येऊन राहणे) ‘लक्षणमुक्ती’ आणि ‘रिलॅप्स’साठी (तो पुन्हा बळावणे) ‘पुनरुद्भव’ हे शब्द योजले आहेत. ते नेमके आहेत का?

उत्तर : ‘लक्षणमुक्ती’ टाळावा, असे मला वाटते. स्किझोफ्रेनिया या मनोविकृतीच्या रेमिशनसाठी मनोविकारतज्ज्ञ अँड्रियासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली मांडलेला निकष आजही प्रमाण मानला जातो. त्यानुसार लक्षणांची तीव्रता मोजणाऱ्या ‘पॅन्स’ या तीस कलमांच्या मापनश्रेणीतील भ्रम, भास, विचारांची विस्कळीतता, भावनांचा बोथटपणा अशा आठ निवडक कलमांपैकी प्रत्येकावर तीन किंवा त्याहून कमी गुण सलग सहा महिने टिकावे लागतात. या श्रेणीत लक्षण मुळीच नसेल तर एक गुण मिळतो आणि तीन म्हणजे ‘सौम्य’, तेव्हा अधूनमधून भास होणारी व्यक्तीही या निकषात बसू शकते. तिला लक्षणमुक्त कसे म्हणावे? ‘उपशम’ या शब्दात शमणे आहे, नाहीसे होणे नाही. मात्र एकाच तपासणीतील गुणांवरून निष्कर्ष काढलेला असेल, तर तिथे ‘लक्षणे ओसरली’ एवढेच लिहावे.

आणखी एक मत : ‘उपशम’ मान्य. ‘पुनरुद्भव’ वाचून मात्र आजार समूळ गेला होता, असा समज होतो. बोलीत आपण ‘दुखणे उलटले’ म्हणतो, ते अर्थाला अधिक जवळचे आहे. लेखी नाम हवे असल्यास ‘पुनःप्रकोप’ चालावा (आयुर्वेदात प्रकोप आणि प्रशम ही जोडी आहेच). खरी अडचण मोजमापाची आहे, कारण रिलॅप्सची सर्वमान्य व्याख्या नाही. कोणी रुग्णालयात दाखल होण्यालाच रिलॅप्स धरतात, पण दाखल होणे हे खाटांच्या उपलब्धतेवर आणि घरच्यांच्या आधारावरही अवलंबून असते. कोणी पॅन्सचे एकूण गुण पंचवीस टक्क्यांनी वाढणे हा निकष लावतात. या श्रेणीतील किमान एकूण गुण ३० असल्याने ४० गुणांच्या रुग्णाचे ४४ झाले, तर ती वाढ सरळ हिशेबाने दहा टक्के भरते, आणि किमान ३० वजा केल्यास चाळीस टक्के! म्हणून पुनःप्रकोप हा शब्द प्रथम येईल तिथेच तो कशावरून ठरवला, हे अनुवादात लिहावे.

‘बरे होणे’ हे शब्द ‘रिकव्हरी’साठी राखून ठेवावेत, कारण काम, नाती आणि स्वतंत्र जगणे यांविषयी उपशमाचा निकष काहीच विचारत नाही.