हॉस्पिस नर्सला वेगळं लायसन हवं का?

तापीकाठचा
भाची धुळ्याला जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, शेवटच्या वर्षाला आहे. तिला हॉस्पिसचं, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचं काम करायचंय. चौकशी केली तर कळलं, 'हॉस्पिस नर्स' असं वेगळं लायसन आपल्याकडे नाहीच. 3 वर्षांचं जीएनएम नाहीतर 4 वर्षांचं बीएस्सी नर्सिंग करा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करा, झालं. बाळंतिणीपाशी आणि मरणपंथाला लागलेल्यापाशी तोच कागद! दुचाकीच्या लायसनवर ट्रक चालवू देतात का कुणाला? वेगळी परीक्षा, वेगळी नोंदणी सक्तीची करा, असं माझं स्पष्ट मत.

वॉर्डातली ताई
दादा, सक्ती जळगाव शहरात शोभेल. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगराकडे काय? गुटख्यानं जबडा गेलेला माणूस मुंबईहून 'आता घरी न्या' ऐकून परत येतो, तेव्हा त्याच्या दारात एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स, किंवा आशाच जाते. तुमचा नियम आला की पहिला पाय तीच मागे घेईल. 'माझ्याकडे तो कागद नाही' म्हणेल, आणि तिचं चुकणारही नाही.
अमेरिकेतसुद्धा आरएनच्या, म्हणजे साध्या नोंदणीकृत नर्सच्या, लायसनवर हे काम करता येतं. सीएचपीएन हे हॉस्पिस नर्सचं प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. त्यासाठीही आधी असं काम केलेलं लागतं, 12 महिन्यांत 500 तास किंवा 24 महिन्यांत 1000. आधी काम, मग परीक्षा.

रावेरची केळी
ताई, आमच्या आबांना बघायला आलेली नर्स नोंदणीवालीच होती. मॉर्फीनची गोळी दर 4 तासांनी, असं डॉक्टरांनी लिहून दिलेलं. ही म्हणे, 'फारच दुखलं तरच द्या, सवय लागेल, श्वास थांबेल.' आम्ही अडाणी, ऐकलं. आबा रात्र रात्र कण्हत. त्या गोळीनं पोट साफ होत नाही, जुलाबाचं औषध सोबत चालू ठेवावं लागतं, हेही ती बोलली नाही. नुसत्या नोंदणीनं भागतं म्हणणाऱ्यांनी त्या खाटेजवळ एक रात्र काढावी.

वॉर्डातली ताई
वाईट झालं भाऊ. पण ही खोट शिकवण्यातली आहे, लायसनमधली नाही. कॅन्सरच्या जखमेला घाण वास येतो, घरचे जवळ बसेनात, तेव्हा मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकतात आणि वास उतरतो. हे मी कॉलेजात नाही, सिनिअर सिस्टरच्या शेजारी उभी राहून शिकले. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारी अशीच सेवा; इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा सर्टिफिकेट कोर्स नर्सेसनाही करता येतो. केरळात 1993 ला कोझिकोडला हे काम सुरू झालं, 2008 ला राज्याचं धोरण आलं. तिथे नर्सला प्रशिक्षण दिलं आणि गावातले लोक सोबत घेतले. लायसनची भिंत नाही बांधली.

अमळनेरकर
काय भो, भांडता कशावर? घरी नर्स पुरवणाऱ्या ब्युरोतून बारा तासांच्या ड्युटीवर पाठवतात त्या 'सिस्टर'कडे ना जीएनएम, ना नोंदणी. नुसता पांढरा एप्रन. आधी नोंदणी क्रमांक विचारायला शिका लोकहो.

तापीकाठचा
ब्युरोचं मान्य. बाहेर गावोगाव जाणाऱ्या एएनएमला मी सूट देतो, पण हॉस्पिस म्हणून पाटी लावली तर आत प्रशिक्षण नसलेली नर्स ठेवता येऊ नये. एवढी तरी सक्ती हवीच.

रावेरची केळी
एवढी नको, पूर्ण हवी. आबा घरीच होते. म्हणायचे, 'माले घरच बरं शे.' पाटीवाल्या जागेत जातो कोण आपल्याकडे?

वॉर्डातली ताई
तापीकाठच्या दादांचं हे पटलं, फक्त कोर्सची फी संस्थेनं भरावी, नर्सच्या पगारातून कापू नये. रावेरच्या भाऊंशी अजूनही जमत नाही. भाचीला सांगा, पास झाली की आधी नोंदणी, मग कॅन्सर वॉर्डात वर्ष-दोन वर्षं काढ, कोर्स त्यासोबत कर. आणि रात्रपाळी टाळू नको म्हणावं. दुखणं रात्रीच वाढतं.