कॉन्ट्रेरियन, हाइप आणि बाऊ : मराठीत नेमकं काय म्हणाल?

एका लेखासाठी शब्द हवेत. ब्रिटनच्या गार्डियनमध्ये सायमन जेंकिन्स म्हणून जुने स्तंभलेखक आहेत, एकेकाळी टाइम्सचे संपादक होते. साथ आली असं सरकार म्हणालं की हे लिहिणार, छे हो, सगळा हाइप आहे. 2009 ला स्वाइन फ्लूवर तेच, मार्च 2020 ला करोनावर पण तेच. तर अशा कॉन्ट्रेरियन माणसाला मराठीत काय म्हणाल? आणि हाइपला 'अतिप्रसिद्धी' कृपया नको, ते सिनेमाच्या पोस्टरचं वाटतं.

—

हाइप = बाऊ. विषय संपला.

—

पराचा कावळा पण चालेल की. नाहीतर आवई.

—

नाही हो, आवई वेगळी. आवई म्हणजे मुळात काहीच नसताना उठवलेली हूल. सप्टेंबर 2008 ला जिनिव्हाजवळचं ते कणांच्या टकरीचं यंत्र सुरू झालं तेव्हा आपल्याकडे हिंदी चॅनेलवाल्यांनी जगबुडी लावली होती ना, पोरं खरंच घाबरलेली, ती आवई. बाऊ करायला मात्र काहीतरी असावं लागतं, खरचटलेलं का होईना.

आणि हे कॉन्ट्रेरियन लोक गंमत करतात ती नेमकी इथंच. सुरुवात करतात 'बाऊ करू नका' पासून, जे बरेचदा बरोबरही असतं, आणि दोन परिच्छेदांत 'ही आवई आहे' वर येऊन थांबतात, मधली पायरी गुल. 2009 च्या जुलैत ब्रिटनचे मुख्य वैद्यकीय अधिकारी लियाम डोनाल्डसन यांच्याकडून आकडा आला की अगदी वाईटात वाईट झालं तर 65,000 मृत्यू धरून तयारी ठेवा. पेपरांनी 65,000 मोठ्ठे छापले आणि 'वाईटात वाईट' आत कुठंतरी बारीक. शेवटी तिथे गेले 457. मग टीकाकारांनी तोच आकडा उचलला, 'वाईटात वाईट' त्यांनीही गाळलं, आणि बघा भाकीत कसं फसलं म्हणून मोकळे. म्हणजे ज्याने बाऊ केला आणि ज्याने टिंगल केली, दोघांनी एकच शब्द खाल्ला! जगभरात प्रयोगशाळेत सिद्ध झालेले मृत्यू साडेअठरा हजारांच्या आसपास, पण 2012 ला जो अंदाज आला तो दीड लाख ते पावणेसहा लाखांचा, आणि त्यातले बहुतेक पासष्ट वर्षांच्या आतले. आवई म्हणणार याला?

—

+१. पुण्यात ऑगस्ट 2009 ला देशातला पहिला मृत्यू झाला, शाळकरी मुलगी होती. नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, शाळा बंद, मास्क मिळेनात म्हणून लोक रुमाल बांधून फिरत होते आणि आमच्या मावशीने प्रत्येकाच्या खिशात कापूर-वेलदोड्याची पुडी कोंबलेली. पुडी हा बाऊ, रांग नव्हे. असो, अवांतर झालं.

—

मूळ प्रश्न राहिलाच. कॉन्ट्रेरियन = वितंडवादी?

—

थोडं थांबा. न्यायशास्त्रात (कायद्याचं नव्हे, आपलं जुनं तर्कशास्त्र) चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार आहेत, त्यात वितंडा म्हणजे समोरच्याचं खोडायचं पण स्वतःचं काहीच मांडायचं नाही. जेंकिन्सबुवांचं स्वतःचं म्हणणं आहे की, सरकारं भीती दाखवून पैसा आणि अधिकार लाटतात असं ते सांगत असतात. पटो न पटो, भूमिका आहे. तेव्हा वितंडवादी म्हणणं अन्याय होईल. आपल्या टीव्हीवर रात्री नऊला बसतात त्यातल्या निम्म्यांना खुशाल म्हणा.

—

'प्रवाहाविरुद्ध पोहणारे' ?

—

ते सत्काराच्या शालीबरोबर देतात. मला उफराटा आवडतो. विचारही उफराटे, माणूसही उफराटा, शिवी नाही आणि कौतुकही नाही.

—

उफराटा मस्त! 'उफराटे भाष्यकार' घेतो, हाइपला बाऊ फायनल. आता दुसऱ्या बाजूचे राहिले, जे चॅनेलवर लाल पट्टी लावून रोज घाबरवतात, त्यांना काय म्हणायचं? आवईबाज?

—

बाऊबहाद्दर.