मदत हवी आहे: लाइन (वीज) जाणाऱ्या गावात कॉक्स-१७ प्रोटीन कसं टिकवायचं?

नमस्कार भाऊ-ताईहो, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात एमएस्सी करतो, प्रोजेक्टसाठी माणसाचं रिकॉम्बिनंट कॉक्स-१७ मागवलं, म्हणजे त्याचं जनुक ई. कोलाय बॅक्टेरियात टाकून बनवलेलं, हिस-टॅगवालं (शुद्ध करायला सोपं जावं म्हणून हिस्टिडिनची शेपटी जोडलेलं), ट्यूबच्या तळाशी पांढरी पावडर दिसते न दिसते एवढीच. ६३ अमिनो ॲसिडचं इवलंसं प्रोटीन, पण पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात स्को-१ अन् कॉक्स-११ या दुसऱ्या प्रोटीनले तांबं पोचवणारं हेच, म्हणून लय जपून चाललो. आता इथं लाइन कधीही जाते अन् बाहेर ४५ डिग्री, तर आत्ताच विरघळवून ग्लिसरॉल टाकून छोटे भाग करून उणे २० ले ठेवू, का पावडरच राहू देऊ? डीटीटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) टाकलं तर प्रोटीनचे दोन डायसल्फाइड बाँड (सल्फर-सल्फरचे जोड) तुटतील का? तांबं बांधते का तेच पाहायचं आहे म्हणून बफरमध्ये ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) नाही टाकत. कोणी हाताळलं असेल तर सांगा ना, पावडर अजून उघडली नाही.