मदत हवी आहे : ४के टीव्हीवर चित्रपट स्वच्छ दिसतो, मग अक्षरेच पुसट का?

अर्धमात्रा (धागाकर्ता)

नमस्कार. मी दिवसाचे सात-आठ तास १५ इंची लॅपटॉपवर मजकूर वाचण्याचे आणि तपासण्याचे काम करतो. डोळ्यांवर ताण येऊ लागला, म्हणून मोठा पडदा हवा होता, आणि घरात ४३ इंची ४के टीव्ही असताना वेगळा मॉनिटर कशाला घ्यायचा, असा विचार करून मी तोच टेबलावर आणून ठेवला. कागदावरचा हिशेब उत्तम जमत होता. ३८४० गुणिले २१६० पिक्सेल ४३ इंचांत बसवले की इंचाला सुमारे १०२ पिक्सेल पडतात, आणि २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर हाच आकडा सुमारे ९२ असतो. म्हणजे नेहमीच्या मॉनिटरपेक्षा अक्षरे थोडी अधिक रेखीव दिसायला हवी होती.

प्रत्यक्षात ती पुसट दिसतात. पांढऱ्यावर काळी अक्षरे त्यातल्या त्यात बरी आहेत, परंतु त्यांच्याही कडांना फिकट रंगाची झाक असते. दुरुस्त्या दाखवणारी लाल अक्षरे आणि निळ्या पट्टीवरची नावे तर ओल्या कागदावर शाई पसरावी तशी दिसतात. देवनागरीत याचा त्रास अधिक होतो, कारण लहान टंकात ‘द्ध’ आणि ‘द्घ’ यांतला फरक एखाद-दुसऱ्या पिक्सेलावर अवलंबून असतो, आणि मुद्रितशोधनात नेमका तोच फरक पाहायचा असतो. याच टीव्हीवर, याच लॅपटॉपवरून लावलेला चित्रपट मात्र अतिशय स्वच्छ दिसतो.

आतापर्यंत केलेले उपाय सांगतो, म्हणजे त्यांची पुनरुक्ती होणार नाही. विंडोज ११ मध्ये रिझोल्यूशन ३८४० गुणिले २१६० आणि वेग ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे, असल्याची खात्री केली. टीव्ही सुरुवातीला चित्राच्या चारही कडा कापत होता. काचनळीच्या काळात कडांचा वेडावाकडेपणा लपवण्यासाठी पडलेली ही प्रथा सपाट पडद्यांनी का पाळावी, हे मला कधीच कळलेले नाही. ती बंद केली. शार्पनेस कमी केला आणि अक्षरांभोवतीची पांढरी प्रभा गेली. ‘व्हिव्हिड’ नावाचा जो झगमगाट टीव्हीवाले आपल्या माथी मारतात, तो पहिल्याच दिवशी काढून टाकला होता.

केबलही बदलून पाहिली. एक भिंतीतून नेलेली ५ मीटर लांबीची आहे आणि दुसरी २ मीटरची साधी. दोन्हींवर चित्र तंतोतंत सारखे दिसते, त्यामुळे केबलचा दोष नाही असे माझे ठाम मत आहे. संकेत डिजिटल असतो. आला तर पूर्ण येतो, नाही तर मुळीच येत नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या केबलने रंग उजळतात असे सांगणाऱ्यांशी मी बराच वाद घातलेला आहे, तेव्हा कृपया तो सल्ला देऊ नये.

एक विचित्र गोष्ट आढळली. वेग ६० वरून ३० हर्ट्झवर आणला की अक्षरे लगेच नीट दिसू लागतात. पण मग माऊसचा बाण अडखळत चालतो आणि मजकूर सरकवताना डोळे अधिकच दुखतात. यावरून टीव्हीच्या आतल्या चित्रप्रक्रियेला ६० हर्ट्झचा वेग झेपत नसावा, असा मी निष्कर्ष काढला आहे. ही केबल ज्या जोडणीची आहे तिची आवृत्ती म्हणून लॅपटॉप आणि टीव्ही या दोन्हींच्या तांत्रिक माहितीत एचडीएमआय २.० असे स्पष्ट लिहिलेले आहे. मूळच्या दोषावर काही उपाय आहे का, की टीव्हीचा नाद सोडून मॉनिटरच घ्यावा?

तारयंत्र

मी आपल्यासारखाच प्रयोग करून तीन आठवड्यांत कंटाळलो आणि मॉनिटर घेतला. टीव्ही चार हातांवरून पाहण्यासाठी बनवलेला असतो आणि मॉनिटर हातभर अंतरावरून, हा फरक सेटिंग बदलून जात नाही, असे माझे मत झाले आहे. तरीही टीव्हीत ‘गेम मोड’ असेल तर एकदा लावून पाहावा. चित्र सुधारणाऱ्या बऱ्याच प्रक्रिया त्यात बंद होतात आणि बाणही हलका चालतो.

अर्धमात्रा

गेम मोड लावला. बाणाची दिरंगाई जवळजवळ संपली, हा मोठाच लाभ झाला, त्याबद्दल आभार. अक्षरांत मात्र काहीही फरक नाही.

पडदानशीन

आपण जे निरीक्षण जाता जाता नोंदवले आहे, त्यातच उत्तर आहे असे मला वाटते. निष्कर्ष तेवढा वेगळा निघतो. टीव्हीला ६० हर्ट्झ झेपत नाही असे नसून, ६० हर्ट्झवर लॅपटॉप रंगांची काटछाट करून पाठवत असावा.

४के चित्र, ६० हर्ट्झ आणि प्रत्येक पिक्सेलाचा स्वतंत्र रंग, असा पूर्ण संकेत एचडीएमआयवरून न्यायचा तर तारेवर सेकंदाला सुमारे १७.८ गिगाबिट जातात. २०१३ साली आलेल्या २.० आवृत्तीची मर्यादा १८ गिगाबिट आहे, म्हणजे तो जेमतेम मावतो. त्याआधीच्या १.४ आवृत्तीची मर्यादा १०.२ गिगाबिट होती, तिथे तो मावत नाही. तिथे मावून घेण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे वेग निम्मा करून ३० हर्ट्झ ठेवणे, त्यात ८.९ गिगाबिट लागतात. दुसरा म्हणजे वेग ६० हर्ट्झच ठेवून रंगांची माहिती कमी करणे. यात उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक पिक्सेलाची जाते, परंतु रंग मात्र दोन गुणिले दोन अशा चार पिक्सेलांच्या चौकोनाला मिळून एकच जातो. याला ४:२:० म्हणतात, आणि त्यालाही बरोबर ८.९ गिगाबिटच लागतात.

माणसाच्या डोळ्याला उजेडातले बारकावे जितके कळतात तितके रंगातले कळत नाहीत, या गोष्टीचा फायदा घेऊन डीव्हीडीपासून ब्लू-रेपर्यंतचे चित्रपट याच पद्धतीने साठवलेले असतात. म्हणून चित्रपटात आपल्याला काहीच कमी वाटत नाही. जे मुळातच नव्हते ते वाटेत गळले, एवढेच. मजकुराचे तसे नाही. निळ्यावरच्या लाल अक्षराची रेघ एक-दीड पिक्सेल जाडीची असते, आणि चार पिक्सेलांना एकच रंग मिळाला की ती शेजाऱ्यांत मिसळते. काळ्या अक्षरांच्या कडांना झाक दिसते तिचेही कारण हेच असावे. विंडोजचे क्लिअरटाइप अक्षराची कड गुळगुळीत करण्यासाठी लाल, हिरव्या आणि निळ्या उपपिक्सेलांना वेगवेगळे उजळते, आणि ती सगळी कारागिरी ४:२:० मध्ये वाया जाते.

माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात डिस्प्ले आणि त्यात अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडावे. टीव्ही निवडल्यावर तिथे ‘कलर फॉरमॅट’ अशी ओळ दिसेल. ती ६० आणि ३० हर्ट्झ अशा दोन्ही वेगांवर वाचून इथे सांगावी.

अर्धमात्रा

आपला तर्क अचूक निघाला. ६० हर्ट्झवर त्या ओळीत ‘वायसीबीसीआर ४२०’ असे लिहिलेले आहे आणि ३० हर्ट्झवर ‘आरजीबी’, म्हणजे प्रत्येक पिक्सेलाचा पूर्ण रंग. इतके दिवस मी त्याच पानावर जाऊन फक्त वरचे दोन आकडे पाहत होतो.

परंतु मग मूळ प्रश्न अधिकच गहन होतो. दोन्ही उपकरणे २.० आवृत्तीची असताना लॅपटॉपने १.४ च्या मर्यादेत का वागावे? मला कोणतीही सूचना न देता त्याने हा निर्णय घेतला, याचा रागही येतो आहे.

पडदानशीन

निर्णय लॅपटॉपचा नाही, टीव्हीचा आहे. केबल जोडली की टीव्ही स्वतःचा एक परिचय लॅपटॉपला वाचू देतो, ज्याला ईडीआयडी म्हणतात. कोणती रिझोल्यूशने, कोणते वेग आणि कोणते रंग आपण स्वीकारू, याची ती यादी असते. लॅपटॉप त्या यादीबाहेर जात नाही. अनेक टीव्हींमध्ये एचडीएमआयची प्रत्येक खाच कारखान्यातून ‘स्टँडर्ड’ अवस्थेत ठेवलेली असते, आणि त्या अवस्थेत टीव्ही आपल्या यादीत ४के ६० हर्ट्झ फक्त ४:२:० मध्येच चालेल असे लिहितो. काही जुन्या उपकरणांचा नव्या यादीने गोंधळ उडतो आणि पडदा काळा राहतो, तक्रारी येतात, म्हणून ही सावधगिरी बाळगतात. कारण समजण्यासारखे आहे, पण ती गोष्ट पुस्तिकेच्या कोपऱ्यात लिहून मोकळे होणे मला पटत नाही.

ही अवस्था बदलण्याचे सेटिंग प्रत्येक कंपनीने वेगळ्या नावाखाली ठेवले आहे. सोनीच्या टीव्हीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’ अशी नावे आढळतात. ते चित्राच्या सेटिंगमध्ये असेलच असे नाही. बाह्य उपकरणांच्या किंवा इनपुटच्या यादीतही पाहावे. ते खाचेगणिक वेगळे असते, म्हणून लॅपटॉप ज्या खाचेत आहे तिचेच बदलावे. त्यासोबत त्या खाचेला ‘पीसी’ असे नाव किंवा चिन्ह देता येत असेल तर तेही द्यावे. पूर्ण रंगांचा संकेत आला तरी आतल्या आत पुन्हा रंग कमी करणारे टीव्ही असतात, आणि त्यांतले बरेच या नावाने ती सवय सोडतात.

अर्धमात्रा

सेटिंग सापडले. ‘बाह्य उपकरणे’ या यादीत तिसऱ्या पातळीवर होते, आणि त्याच्याखालच्या स्पष्टीकरणात मजकुराचा उल्लेखसुद्धा नव्हता. ते चालू करून खाचेला पीसी असे नाव दिले. पडदा क्षणभर काळा झाला आणि परत आला तेव्हा लाल अक्षरे लाल होती आणि त्यांच्या कडा जागच्या जागी होत्या. कलर फॉरमॅटच्या ओळीत आता ६० हर्ट्झवरही आरजीबी दिसते. मी पहिल्यांदा ‘बुद्ध’ आणि ‘अनुद्घाटित’ असे दोन शब्द १० पॉइंटात लिहून पाहिले, आणि दोन्ही वेगळे दिसले.

परंतु आनंद अर्धाच तास टिकला. आता दर पाच-दहा मिनिटांनी पडदा दोन सेकंद काळा होतो, आणि गडद भागात मधूनच पांढरे ठिपके चमकून जातात. पूर्वी असे एकदाही झाले नव्हते. जुने सेटिंग परत लावले की ठिपकेही जातात आणि काळोखही. टीव्हीच्या त्या खाचेतच दोष असेल का?

शून्यएक

आपल्या ठाम मताला धक्का लावतो आहे, त्याबद्दल क्षमस्व. परंतु हे केबलचे लक्षण आहे. आपण दोन केबली तपासल्या तेव्हा दोन्हींवरून ८.९ गिगाबिटच जात होते. निम्म्या ओझ्यावर दोघी सारख्याच चालल्या, यावरून पूर्ण ओझे दोघी पेलतील असे ठरत नाही. ‘हाय स्पीड’ असे लिहिलेली केबल १०.२ गिगाबिटपर्यंत तपासलेली असते, आणि १८ गिगाबिटसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ अशी वेगळी प्रमाणित श्रेणी आहे. साध्या तांब्याच्या तारेत लांबी वाढली की संकेत क्षीण होत जातो, आणि हा क्षय वरच्या वेगांना अधिक जाणवतो.

टीव्ही आणि लॅपटॉप आपसांत यादी वाचून वेग ठरवतात, केबलला मात्र कोणी विचारत नाही. एचडीएमआय २.० मध्ये तार वेग पेलते की नाही हे आधी तपासून खाली उतरण्याची सोय नाही. त्यामुळे कमजोर केबलने चित्र पुसट होत नाही. चुका होतात, आणि त्या ठिपक्यांच्या किंवा काळ्या पडद्याच्या रूपाने दिसतात. मुलाम्याच्या बाबतीत आपण बरोबरच आहात, चांगल्या केबलने रंग उजळत नाहीत. आपण ५ मीटरची केबल वापरत आहात असे मी धरून चाललो आहे.

अर्धमात्रा

होय, भिंतीतलीच वापरत होतो, कारण ती नीटनेटकी दिसते. आपला प्रतिसाद वाचून २ मीटरची लावली. ती ‘प्रीमियम’ नाही, तरीही काल दुपारपासून एकदाही पडदा काळा झालेला नाही आणि ठिपकेही नाहीत. आला तर पूर्ण, नाही तर मुळीच नाही, हे माझे वाक्य मी मागे घेतो. किती यायचे याचा सौदा आधीच कुठेतरी होत असतो, आणि मी सौद्यानंतरच्या मालाची तपासणी करत बसलो होतो.

टेबल भिंतीपासून पुढे सरकवावे लागले आहे आणि केबल आता उघडीच लोंबते. एक लहानसा प्रश्न उरतो. लॅपटॉप झोपला तरी टीव्ही ‘संकेत नाही’ अशी पाटी मिरवत जागाच राहतो, आणि लॅपटॉप जागा झाल्यावर पुष्कळदा मला टीव्हीही हाताने चालू करावा लागतो. मॉनिटरसारखे हे आपोआप होऊ शकेल का?

पडदानशीन

बहुधा नाही. घरातली इतर उपकरणे टीव्हीला ज्या वाटेने उठवतात आणि निजवतात, ती सीईसी नावाची सोय बहुतेक लॅपटॉपांच्या एचडीएमआयमध्ये दिलेली नसते. संकेत नसताना काही मिनिटांनी बंद होण्याचा पर्याय टीव्हीच्या वीजबचतीच्या यादीत पाहावा, तो असेल तर पाटी तरी जाईल. उठवण्यासाठी रिमोट लागेलच.

तारयंत्र

माझ्या मॉनिटरच्या आधी हा धागा निघायला हवा होता. जुना टीव्ही अजून घरात आहे. आज त्याची ती यादी उघडून पाहतो.