१३ वर्षांच्या मुलासाठी नाटकाचा क्लास हवा आहे (चिंचवड / पुणे)

नमस्कार मंडळी, आम्ही चिंचवडला राहतो. मुलगा यंदा आठवीत गेलाय आणि त्याला नाटक शिकायचंय. टीव्हीवर दिसायचंय, फेमस व्हायचंय असलं काही डोक्यात नाहीये त्याच्या, त्याला तालीमच आवडते, म्हणजे स्वतःचं काम दोन वाक्यांचं असलं तरी सगळ्यांचे डायलॉग पाठ असतात आणि कुणी अडलं की हा विंगेतून सांगतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये असतोच, बाईंनी एकदा नाट्यछटा स्पर्धेलाही उतरवलं होतं. मोरे प्रेक्षागृहात चांगलं बालनाट्य लागलं की आम्ही जातो, कधीकधी कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहापर्यंत पण जातो.

अडचण वयाची आहे. जिथे जिथे फोन केला तिथे बालनाट्याची बॅच साधारण ५ ते १२ वयाची आणि त्यानंतरची एकदम १६ किंवा १८ च्या पुढची. मधल्या मुलांनी करायचं काय? एका ठिकाणी म्हणाले, चालेल की, लहानांच्या बॅचमध्ये बसवू, पण तिथे पहिली-दुसरीतली पोरं ससा-कोल्हा करतायत, तिथे हा मिशी फुटायला लागलेला मुलगा कसा रमणार. तो नाही म्हणाला आणि मला त्याचं पटलं. पुरुषोत्तम करंडक वगैरे एकांकिका स्पर्धा कॉलेजच्या मुलांसाठी, त्याला अजून कितीतरी वेळ आहे.

दुसरं म्हणजे मे महिन्यात एका शिबिराला घातलं होतं (नाव लिहीत नाही). पहिल्याच दिवशी स्क्रिप्ट हातात दिली आणि मग रोज फक्त पाठांतर, सर स्वतः करून दाखवणार, इथे हसायचं, इथे कपाळाला हात लावायचा, आणि मुलांनी डिट्टो तेच करायचं. शेवटच्या दिवशी शो झाला, लाईट्स होते, कॉस्च्युमचे पैसे वेगळे घेतले होते, पालकांनी भरपूर शूटिंग केलं. पण सगळी मुलं एकाच सुरात बोलत होती हो, तो लाडिक हेल काढून बोलायचा सूर असतो ना बालनाट्यातला, तोच. घरी इतकं छान बोलणारं पोर स्टेजवर गेल्यावर असं का बोलतं, मला ते फार खटकलं. ग्रिप्स या जर्मन बालरंगभूमीच्या नाटकांत मोठी माणसं लहान मुलांची कामं करतात, पण लाडात बोलताना कुणी ऐकलंय का? डॉ. मोहन आगाशेंनी बर्लिनहून ते १९८६ साली पुण्यात आणलं, म्हणजे आपल्याकडे हे कळणारी माणसं आहेत नक्की, फक्त मला सापडत नाहीयेत.

तिसरी काळजी आवाजाची. त्याचा आवाज फुटायला लागलाय, वाक्याच्या मध्येच किनरा होतो, मुलं हसतात. त्या शिबिरात सर म्हणायचे मागच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे, ओरड! आणि हा घरी यायचा तेव्हा घसा बसलेला असायचा. या वयात आवाजाचं काय करायचं असतं हे कुणाला माहीत आहे का?

आणि एका कॅमेरा अॅक्टिंगवाल्यांचा फोन आला होता, आधी पोर्टफोलिओचे (म्हणजे मुलाच्या फोटोंच्या संचाचे) पैसे भरा, मग सिरियलचं ऑडिशन नक्की म्हणे. मिस्टरांना वाटतंय एकदा बघायला हरकत नाही, सासूबाई म्हणतात दहावी तोंडावर आलीय (अजून दोन वर्षं आहेत!), मला यात पडायचंच नाहीये पण ठामपणे सांगता येईल असं कारण पण हवंय.

तर १२ ते १५ च्या मुलांची वेगळी बॅच कुठे असेल, शनिवार-रविवार असेल तर उत्तम, तर प्लीज सांगा. आणि क्लास बघायला गेल्यावर नेमकं काय विचारायचं तेही सांगा. पुण्यात असला तरी चालेल, पिंपरीहून मेट्रो आता थेट मंडई-स्वारगेटपर्यंत जाते, तो एकटाही जाऊ शकेल.

प्रतिसाद

मी मुलांच्या नाट्यशिबिरांत शिकवते म्हणून सविस्तर लिहिते. आवाजाचं आधी. या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, त्यामुळे आवाजावर ताबा राहत नाही, ते अगदी नॉर्मल आहे. अशा मुलाला ओरडायला लावणं चूक आहे. खालच्या, आरामात निघणाऱ्या पट्टीत बोलू द्यायचं, श्वासाचे व्यायाम करायचे, शब्द स्पष्ट काढायची सवय लावायची, पाणी भरपूर. घसा तीन आठवडे झाले तरी बसलेलाच असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आम्ही अशा मुलांना त्या काळात उलट जास्त हालचालीची, कमी बोलायची कामं देतो, मूकाभिनय करायला लावतो, लिहायला लावतो. मुलं हसतात त्याचं म्हणाल तर ते थांबवणं शिकवणाऱ्याचं काम आहे, तुमच्या मुलाचं नाही.

क्लास बघायला जाल तेव्हा शो बघू नका, मधल्या एखाद्या दिवशीची तालीम बघायला मिळेल का विचारा. पहिले काही दिवस थिएटर गेम्स, इम्प्रोव्हायझेशन (आयत्या वेळी सुचेल तसं करणं) होतं का, की थेट स्क्रिप्ट? नाटक मुलांकडून बसवून घेतात का, त्यांची वाक्यं त्यात येतात का? एका बॅचला मुलं किती? २५-३० मुलं आणि एकच सर असतील तर कितीही मोठं नाव असू दे, नको. नेपथ्य, लाईट्स, म्युझिकला मुलांना हात लावू देतात का हेही विचारा, तुमच्या मुलाचं वर्णन वाचून मला वाटतं त्याला ते फार आवडेल.

प्रतिसाद

पोर्टफोलिओवाल्यांना एकच विचारा, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी कोण काढणार? बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला सिरियलमध्ये घ्यायचं तर निर्मात्याला ती आधी घ्यावी लागते, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही आणि कमाईतली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावावर बँकेत फिक्स्ड डिपॉझिटला टाकावी लागते. खरं काम देणारा माणूस हे धडाधड सांगेल. आणि काम देणारा पैसे देतो, घेत नाही, मिस्टरांना एवढं सांगितलं तरी पुरे.

अजून एक, सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य बालनाट्य स्पर्धा असते, तिचे प्रयोग जाऊन बघा. तिकडे बऱ्याच संस्था एकाच ठिकाणी बघायला मिळतात आणि कोण मुलांना बोलायला लावतंय आणि कोण नुसतं पढवतंय ते दहा मिनिटांत कळतं. प्रयोग संपला की सरळ दिग्दर्शकाला जाऊन भेटा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. जिल्हाधिकाऱ्यांचं मिस्टरांना वाचून दाखवलं, तो विषय घरात संपला. तालीम बघायला मिळेल का हे एका ठिकाणी फोनवर विचारलं तर पालकांना आत सोडत नाही म्हणाले, सदाशिव पेठेतल्या एकांनी मात्र शनिवारी याच म्हणून सांगितलं, मुलाला घेऊन जाणार आहे. लाईट्सचं वाचल्यापासून तो माझ्या मागे लागलाय, तर आता अजून एक विचारते: प्रकाशयोजना, नेपथ्य असं शाळकरी मुलांना शिकवणारं पुण्यात कुणी आहे का? आणि चिंचवड-निगडीच्या कुणाची १२-१५ ची मुलं असतील आणि त्यांनाही नाटक करायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आठ-दहा मुलं जमली तर शिकवणाऱ्यांनाच इकडे बोलवता येईल, आमच्या सोसायटीचा हॉल सकाळी रिकामा असतो, सेक्रेटरींशी बोलून ठेवलंय.